बट नंबर सत्तेचाळीस

अमरावती
१२ जानेवारी २०२५

उत्तम,

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो पाहिला की तू पुढचं वाचणार नाहीस, एवढं तुला ओळखतो. जमलं तर शेवटी लिहीन.

तेरा वर्षांनी माझं अक्षर पाहतो आहेस. अक्षर तेच आहे, हत्यारांच्या कोतमधल्या रजिस्टरातलं. आधी तुला फोनच लावला होता. दोनदा कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा आशावहिनींनी उचलला आणि "कोन बोलून राहिले?" असं विचारलं. मी जानराव फरकाडे म्हणालो. त्यानंतर मला नुसत्या तुमच्या कोंबड्या ऐकू येत राहिल्या, आणि मग त्याही बंद झाल्या. म्हणून हे पत्र.

माझी माणिक गेली त्याला ऑक्टोबरात चार वर्षं झाली. कोणी ना कोणी तुला सांगितलंच असेल. आमचा मनोज पुण्याला असतो. दर रविवारी फोन करतो, जेवलात का आणि गोळ्या घेतल्या का एवढं विचारतो, मी दोन्हीला हो म्हणतो. आपल्या पोलीस कॅम्पच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आहेत माझ्या. पत्र्याच्या दोन खुर्च्या आहेत, त्यातली एक सहसा मिटलेली असते. साडेपाचचा बिगुल इथपर्यंत येतो. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी तो वाजला की माझे पाय खाटेखाली बूट शोधायला लागतात. हसू नकोस.

दर बुधवारी मला कॅम्पात बोलावतात. नव्या मुलींची बॅच आली आहे, तिला मी हत्यारांचा तास देतो. पैसे नाहीत, चहा मिळतो आणि 'उस्ताद' म्हणणारं कोणीतरी मिळतं. आठवड्यात मी दाढी नीट एकदाच करतो, ती बुधवारी.

परवाच्या बुधवारी रायफलच्या फोल्डिंग बटचा, खांद्याला टेकतो त्या मिटणाऱ्या दस्त्याचा, धडा होता. तुला माहीत आहे, हा माझा जीव की प्राण. मी त्यांना सांगतो, पोरींनो, लाकडी बट म्हणजे घरचा पाट, बसायला बरा पण सोबत नेता येत नाही. फोल्डिंग बट मिटली की रायफल हातभर कमी होते. ट्रकमध्ये समोरच्याच्या गुडघ्याला लागत नाही, दारातून उतरताना अडकत नाही, खाटेवर उशाशी मावते. उंचीनं कमी असलेल्या मुलीला तर ती खांद्यावर घेऊन जिना चढताना किती बरं वाटतं, हे तिलाच विचारा. पण एक अट आहे. मिटलेली ती फक्त प्रवासाला. गोळी झाडायची तर बट पूर्ण उघडा, खटका बसल्याचा 'क्लिक' कानानं ऐका, मग ओढून बघा, आणि मगच खांद्याला लावा.

आणि हा धडा मी एका गोष्टीनं संपवतो. बारा वर्षं, प्रत्येक बॅचला तीच गोष्ट. दोन हजार अकराच्या मे महिन्यातल्या वार्षिक फायरिंगला एका जवानानं घाई केली, क्लिक ऐकला नाही. पहिल्याच गोळीला बट मिटली, रायफल तोंडावर आली, उजवा डोळा गेला. पोरींचे चेहरे अगदी उतरतात. मग मी नाव घेतो. नाव घेतलं की गोष्ट खरी वाटते. मी म्हणतो, त्या जवानाचं नाव उत्तमराव बोचरे.

परवा ते नाव घेतलं आणि तिसऱ्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. त्यांच्या छातीवर नावं नसतात, नुसते नंबर असतात. मला काय कल्पना! "उस्ताद," ती म्हणाली, "ते माहे बाबा हायेत."

खुशी. तुझी खुशी. मी तिला शेवटची पाहिली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि माणिकच्या पिठाच्या डब्यात हात घालून बसली होती. आता उंची तुझी आणि कपाळ वहिनींचं. तास संपल्यावर सगळ्या गेल्या, ती थांबली. तिनं विचारलं, "बाबा म्हणतात त्यायनं क्लिक आयकला होता. तुमी होते ना तिथं?"

मी होतो म्हणालो. आणि चष्मा पुसत बसलो.

एक मार्चला तिची पासिंग आउट परेड आहे. ती म्हणाली, बाबा येणार नाहीत, त्या मैदानावर पाय ठेवत नाही म्हणतात. उत्तम, तू ये. माझ्यासाठी नाही. माझ्या गोष्टीनं तिची मान खाली गेली, पन्नास पोरींसमोर. एक तारखेला तिचे बाबा त्या खुर्च्यांत बसलेले तिला दिसायला पाहिजेत. मी समोर येणार नाही, वाटलं तर त्या दिवशी शेंदूरजनाघाटला भावाकडे निघून जाईन.

जानराव

*

अमरावती
२४ जानेवारी

उत्तम,

पत्र परत आलं. पाकिटावर निळ्या शाईत 'घेण्यास नकार', खाली तारीख. आमचा पोस्टमन शुभम चांगला पोरगा आहे. पाकीट उलटं करून हातात दिलं त्यानं, शेजाऱ्यांना तो शेरा दिसू नये म्हणून. मला आधी संताप आला. म्हटलं, फाडून टाकायचं होतंस, जाळायचं होतंस, न उघडता परत पाठवायचं म्हणजे काय! मग चहा केला, तो प्यायला आणि राग गेला. ते पत्रही यातच घालतो आहे.

आज तुला वाकडं काही सांगत नाही. गडचिरोलीचं आठवून बघ. तो ट्रक, समोरासमोर दोन बाकं आणि बारा माणसं. लांब लाकडी बटांच्या रायफली होत्या तोवर खड्डा आला की कोणाची तरी नडगी फुटायची. मग आपल्याला फोल्डिंग बटवाल्या मिळाल्या आणि तू पहिल्याच दिवशी ती मिटून मांडीवर आडवी घेतलीस. म्हणालास, "जानराव, हे तं मेथीच्या जुडीसारखी मांडीवर बसते लेका." आणि झोपलास. अहेरीपर्यंत तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तू झोपेत तोंड उघडं ठेवतोस, हे वहिनींच्या खालोखाल मला ठाऊक आहे.

आणि त्या खोळी! लोखंडी बट मे महिन्यात अशी तापायची की गालाला लावली की चटका बसायचा. थंडीत उलटं, बर्फ. तू सुट्टीवरून येताना वहिनींनी शिवलेल्या खोळी आणल्यास, त्यांच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या, आत जुनं फलालीन, टोकाला नाडी. सगळ्या प्लाटूनला पुरतील एवढ्या. इन्स्पेक्शनच्या दिवशी त्या काढून लपवायच्या आणि साहेब गेले की पुन्हा चढवायच्या. माझ्याकडे अजून एक आहे. तिला अजून तेलाचा वास येतो, आणि मला वाटतं थोडा तुमच्या घराचाही.

आता तो दिवस. तोही लिहितो, कारण सगळी वर्षं आपण दोघांनी तो वेगवेगळ्या ठिकाणी बसून आठवला आहे. अकरा मे. सकाळी सातलाच ऊन चढलं होतं. तू चौथ्या नंबरच्या गोळीबार-जागेवर पालथा झोपलास, तुझी रायफल बट नंबर सत्तेचाळीस. मी मागे शेडमध्ये होतो. एक गोळी, आणि तुझा आवाज. बाकीचं तुला माहीत आहे.

चौकशीत तीन साहेब बसले होते. तू डोळ्यावर पट्टी बांधून उभा. तू म्हणालास, "साहेब, मी क्लिक आयकला. ओढूनबी पाहिलं. दोनदा आयकला." मग तू माझ्याकडे वळलास, पट्टीच्या बाजूनं, म्हणून तुला सगळं तोंड फिरवावं लागलं. "जानरावले इचारा. जानराव सांगन."

मी सांगितलं की हत्यार ठीक होतं. तपासलं तेव्हा ते ठीकच होतं, उत्तम. त्यांनी दहा वेळा उघडलं, दहा वेळा मिटलं, दहाही वेळा खटका नीट बसला. मी खोटा शब्द बोललो नाही.

एवढ्यावर थांबतो. एक मार्च विसरू नकोस.

जानराव

*

अमरावती
७ फेब्रुवारी

उत्तम,

दुसरंही परत आलं. मागचं शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं आणि माझी मलाच शिसारी आली. तू ते वाचलं नाहीस, एका अर्थी बरं झालं.

परवा तासानंतर खुशी पुन्हा थांबली होती. तिनं पाण्याचा माठ भरून ठेवला, फळा पुसला. मग जाताना म्हणाली, "उस्ताद, एक सांगू? आमच्या बराकीत पोरी आता बट उघडतानी बोचरेवानी नको करू असं म्हणतात. मस्करीत म्हणतात. मी बी हसतो." मी बी हसतो, म्हणाली ती.

तर आता ऐक.

त्या वेळचे मोठे साहेब रायफल कानाशी धरून हलवायचे, बायका बाजारात नारळ हलवून बघतात तशी. वाजली की म्हणायचे, हा हत्यारखाना आहे का खुळखुळ्यांचं दुकान? फोल्डिंग बट पंधरा वर्षं उघडमीट झाली की बिजागरीत थोडी हलतेच. त्यात धोका काही नसतो. हलणारी बटसुद्धा खटक्यात पूर्ण बसते. हे मला माहीत होतं. पण सगळ्या दलात आपल्या कोतचं नाव व्हावं ही माझी खाज होती. आपल्या कोतमधून निघालेली रायफल वाजत नाही, असं कोणी म्हटलं की माझी छाती फुगायची. तू चिडवायचास मला, हत्यारं दुरुस्त करणारा आर्मोरर आहेस का सोनार म्हणून.

भावानं त्या हिवाळ्यात बागेतली संत्री पाठवली होती, आठवतं? बराकीत बसून तू एकट्यानं अर्धी पेटी संपवलीस. त्या पेटीला बांधलेली पत्र्याची पातळ पट्टी मी ठेवून दिली होती. मी काही फेकत नाही. मे महिन्यात इन्स्पेक्शन लागलं तेव्हा मी त्या पट्टीचे नखाएवढे तुकडे कापले आणि ज्या रायफली वाजत होत्या त्यांच्या बिजागरीत एकेक बसवला. सगळ्या मुक्या झाल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी मी सगळे तुकडे काढले. सत्तेचाळीस नंबरचा काढला नाही.

विसरलो नव्हतो. तू आदल्या संध्याकाळी साफसफाईला आला होतास, रायफल हलवून पाहिलीस आणि लहान पोरासारखा हसलास. "आता कशी गप बसली! काय केलं रे?" मी म्हणालो, तेल दिलं. तू म्हणालास, "अशीच राहू दे. जंगलात लय बरं पडन." तुझी रायफल होती, म्हणून मी तुकडा दुहेरी घडी करून बसवला होता, सगळ्यांत निगुतीनं. तुला आवडलं, म्हणून राहू दिला. फायरिंग चारच दिवसांवर होतं, हे मला माहीत होतं. पट्टीमुळे खटका अर्धाच बसेल, हे मला कळायला पाहिजे होतं. आर्मोरर मी होतो. तू क्लिक ऐकलास तो खरा होता. खटका पट्टीच्या कडेला लागून वाजत होता आणि तिथंच अडत होता. तू ओढून पाहिलंस तेव्हा हाताच्या जोरानं तो सुटला नाही, गोळीच्या धक्क्यानं सुटला.

तुला जीपमध्ये घालत होते तेव्हा दोघांनी सत्तेचाळीस नंबर माझ्याकडे आणून दिली. बटीवर वहिनींची खोळ होती, भिजलेली. मी कोतचं दार आतून लावलं. तुझ्याकडे धावत यायच्या आधी मी पक्कड घेतली, उत्तम. तुकडा काढला, बिजागरी पुसली, खोळ खिशात घातली, आणि मग धावत आलो. तू माझा हात धरलास. माझ्या हाताला तेल होतं.

पुढचं सगळं तुझ्यावर आलं. जवानाचा निष्काळजीपणा, असा शेरा. ज्याला प्लाटूनमध्ये सगळ्यांत चांगला नेम होता त्यानं वर्षभर मेसमध्ये कांदे चिरले, आणि एक दिवस ट्रंक उचलून बाळापूरला निघून गेला. मी तुला सोडायला स्टँडवर आलो होतो. तू म्हणालास, "तू फक्त एवढं म्हणाला असता का उत्तम खोटं बोलत नाही. हत्याराचं जाऊ दे. माहं म्हणाला असता." आणि गाडीत बसलास. तुला वाटलं, मी भित्रा आहे. मी त्याच्या पलीकडचा निघालो. वर बारा वर्षं तुझं नाव घेऊन चहा प्यायलो.

माणिकला मी हे सांगितलं नाही. ती दवाखान्यात शेवटच्या दिवसांत विचारायची, "उत्तमभाऊजी काहून येत नाहीत हो आता?" मी म्हणायचो, शेतीची कामं असतात.

हे पत्र तरी उघड. मग मला वाटेल ते म्हण.

जानराव

*

अमरावती
१९ फेब्रुवारी

उत्तम,

तिसरंही आलं परत. काल शुभमनं ते उलटं नाही दिलं. म्हणाला, "काका, राहू द्या ना आता. कायले तरास करून घेता?"

म्हणजे मी सगळं कबूल केलं आणि ते या जगात माझ्याशिवाय कोणीच वाचलेलं नाही. रात्रभर ते पाकीट टेबलावर होतं. सकाळी माझ्या लक्षात आलं की बंद पाकिटात कबूल करणं म्हणजे पुन्हा कोतचं दार आतून लावूनच घेणं आहे. तुझं नाव मी चारचौघांत घालवलं. ते परत द्यायचं तर चारचौघांतच द्यायला पाहिजे.

आज बुधवार होता, शिवजयंतीची सुट्टी, पण परेड तोंडावर म्हणून कॅम्प चालूच होता. दाढी केली. डबीतला तो पत्र्याचा तुकडा खिशात घातला. हो, तो अजून आहे, म्हटलं ना मी काही फेकत नाही. वर्गात गेलो आणि फळ्यावर काहीच लिहिलं नाही. म्हणालो, पोरींनो, महिन्यापूर्वी मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती, ती खोटी होती. मग खरी सांगितली. कोणी काय केलं, पट्टी कुठून आली, पक्कड कोणी घेतली, सगळं. उत्तमराव बोचरे यांनी क्लिक ऐकला होता, असं मी दोनदा म्हणालो. तुकडा पहिल्या रांगेत दिला आणि तो हातोहात मागं जाऊ दिला. तिसऱ्या रांगेत खुशीनं तो घेतला नाही. शेजारच्या मुलीनं तिच्या पुढून पुढं दिला. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही, आणि तास संपल्यावर माठ भरायला कोणी थांबलं नाही.

तिथून ऑफिसात गेलो. लेखी जबाब दिला, सहीचा. आताचे साहेब तरुण आहेत, अकोल्याकडचे. वाचून म्हणाले, "फरकाडे, कावून उकरून राहिले हे? तुमची चौकशी लागन. पेन्शनवर येईन." मी म्हणालो, येऊ द्या साहेब, फक्त त्याच्यावरचा शेरा खोडा. त्यांनी पोच दिली, शिक्का मारला, आणि पुढच्या बुधवारपासून येऊ नका म्हणाले. वाईट नव्हते बोलायला. चहाही मागवला होता, मीच घेतला नाही.

मनोजला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, इतक्या वर्षांनी कोण विचारत होतं तुम्हाला?" मी म्हणालो, तिसऱ्या रांगेतून विचारलं एका मुलीनं. त्याला काही कळलं नाही. गोळ्या घेतल्या का, म्हणाला.

हे पत्र मी टाकणार नाही, इतरांबरोबर ठेवतो. तुला मी उद्या एक कार्ड पाठवणार आहे. साधं पोस्टकार्ड. नकार तू त्यालाही देशील, पण तुझ्या हातात येईपर्यंत ते पोस्टातल्या सगळ्यांनी वाचलेलं असेल, आणि पोस्टमन तुझ्या ओट्यावर ते घेऊन आला की तिथं तुझ्या शेतातल्या फुलांचे गठ्ठे बांधायला बसलेल्या माणसांसमोर तो एकदा तरी मोठ्यानं वाचेलच. गावचा पोस्टमन आहे. तो राहू शकत नाही.

जानराव

*

(पोस्टकार्ड)

२० फेब्रुवारी २०२५

श्री. उत्तमराव बोचरे, फुलवाले
बाळापूर, जि. अकोला

उत्तमराव बोचरे यांनी ११ मे २०११ रोजी फायरिंगच्या वेळी रायफलची बट पूर्ण उघडली होती व खटका ऐकला होता. त्यांची काही चूक नव्हती. रायफलमध्ये पत्र्याचा तुकडा मी घातला होता व नंतर लपवला. त्यांचा डोळा माझ्यामुळे गेला व चौकशीत मी गप्प बसलो. हे कार्ड कोणीही वाचावे व कोणालाही दाखवावे.

जानराव फरकाडे, निवृत्त आर्मोरर, अमरावती

*

अमरावती
२ मार्च

उत्तम,

मी शेंदूरजनाघाटला जाणार होतो. पहाटे स्टँडवर गेलोही होतो. वरुडची गाडी लागली, आणि मी तिच्यात बसलो नाही. कॅम्पच्या फाटकाबाहेर, कुल्फीवाल्याच्या मागे उभा राहिलो. तिथून खुर्च्या दिसत होत्या. शेवटच्या रांगेत पांढरी टोपी आणि काळा चष्मा दिसला आणि कुल्फीवाल्यानं न विचारता मला त्याचं स्टूल दिलं.

खुशी दुसऱ्या तुकडीत उजवीकडून पहिली होती. सलामीच्या वेळी तिनं मान वळवली ती साहेबांकडेच, पण डोळे शेवटच्या रांगेत गेले होते. जन्मभर नेम धरणारी माणसं पाहिली आहेत, कोण कुठं बघतं ते मला कळतं.

परेड संपली, फाटक उघडलं, सगळ्यांबरोबर मीही आत आलो. खुशीच माझ्याकडे आली. सलाम नाही, उस्ताद नाही. म्हणाली, "आई सांगत होती, कार्ड आलं त्या दिवशी ओट्यावर धा-बारा लोकं होते. पोस्टमननं वाचलं. बाबाईचा दुसरा डोळाबी आता अधू झाला, त्यायले वाचता येत नाही. ते शेवंतीचा गठ्ठा बांधत होते. बांधता बांधता म्हणाले, पुन्हा वाच." मग म्हणाली, "तीनदा वाचाले लावलं."

मग ती तुला घेऊन हत्यारांच्या टेबलाशी गेली. घरच्यांना दाखवायला मांडली होती ना, ती सगळी. तू कोणाला न विचारता फोल्डिंग बटवाली उचललीस. हातानं चाचपून बट उघडलीस, क्लिक ऐकलास, ओढून पाहिलीस. चौदा वर्षांनी हात कसा तसाच चालला! मग रायफल कानाशी नेऊन हलवलीस. मी चार पावलांवर होतो. तू मान वळवली नाहीस, तरी मी तिथं आहे हे तुला कसं कळलं कोण जाणे.

"जानराव," तू म्हणालास, "वाजते हे."

मी म्हणालो, "हो. वाजते."

"वाजू दे."

एवढंच. रायफल ठेवलीस, बट मिटलीस, खुशीच्या खांद्यावर हात ठेवून जेवणाच्या मांडवाकडे गेलास. मला कोणी जेवायला बोलावलं नाही आणि बोलवायलाही नको होतं. आशावहिनी मागं राहिल्या होत्या. त्यांच्या हातात मी ती सगळी परत आलेली पत्रं दिली, आणि वर त्यांची हिरवी खोळ. खोळ त्यांनी ओळखली. तिच्यावर डाग आहेत, धुतली तरी गेले नाहीत. त्यांनी पत्रं पिशवीत टाकली, खोळ मात्र पदराआड धरली आणि गेल्या.

चौकशीचं पत्र मला आलं आहे, अठ्ठावीस तारखेला बोलावलंय. मी जाणार आणि तेच सांगणार. या वेळी तू तिथं नसशील, पण वळून माझ्याकडे बघायची तुला गरजही पडणार नाही.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. सकाळची भाकर होती, ती खाल्ली. गल्लीत कोणीतरी फटाके लावत होतं, एखाद्या पोरीच्या घरचे असतील. माणिकच्या फोटोसमोर बसून तिला सगळं सांगितलं, उत्तमभाऊजी काहून येत नव्हते तेसुद्धा. तिला सांगून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. पण खोटं सांगून जो घास अडायचा, तो अडला नाही.

हे पत्र बंद पाकिटातून पाठवतो आहे. यात गावानं वाचण्यासारखं काही नाही.

जानराव

*

अमरावती
१६ मार्च

उत्तम,

मागचं पत्र टाकून चौदा दिवस झाले. याआधीची दहा-बारा दिवसांत परत आली होती. शुभम रोज गल्लीत येतो, मी दारात उभा असतो, तो लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. काल तर हसून म्हणाला, "काका, नाही आलं. आजबी नाही आलं."

तू ते फाडलं असशील, कोणाकडून वाचून घेतलं असशील, किंवा तसंच फुलांच्या गठ्ठ्याखाली पडलं असेल. पण घेतलंस.

पहिल्या पत्रात नमस्कार राहिला होता.

नमस्कार.

जानराव